‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढं सांगून भागत नाही

मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की बहुतेक घरांत आणि वर्गांत पहिलं वाक्य ठरलेलं असतं : अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, त्याने काही दिलं तर घ्यायचं नाही. हे वाक्य खोटं नाही. पण ज्या धोक्याच्या भीतीने आपण ते सांगतो, तो धोका बहुतेक वेळा अनोळखी माणसाकडून येतच नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेनुसार मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांपैकी सुमारे ९० टक्के घटनांत तो करणारी व्यक्ती मुलाच्या किंवा कुटुंबाच्या ओळखीची, विश्वासातली असते. म्हणजे नातेवाईक, शेजारी, शिकवणीचे सर, खेळाचे प्रशिक्षक, वयाने मोठं भावंड किंवा घरी नेहमी येणारा एखादा मित्र.

शिवाय ‘अनोळखी’ म्हणजे कोण, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला नीट ठरवता येत नाही. त्याच्या मनात अनोळखी माणूस म्हणजे भीतिदायक चेहऱ्याचा, मळक्या कपड्यांतला, अंधारात उभा असलेला कुणीतरी. हसून बोलणारा, आपलं नाव माहीत असलेला, सोबत कुत्र्याचं पिल्लू घेऊन आलेला माणूस त्याला दोन मिनिटांत ओळखीचा वाटू लागतो. उलट बाजूही आहे. मूल गर्दीत हरवलं तर त्याला मदत करणारा माणूस बहुधा अनोळखीच असणार. सगळ्याच परक्यांची धास्ती घेतलेली मुलं शोधायला आलेल्या लोकांपासूनच लपून बसल्याची उदाहरणं आहेत. म्हणून ‘हरवलास तर गणवेशातल्या कर्मचाऱ्याकडे जा, किंवा ज्यांच्यासोबत लहान मुलं आहेत अशा बाईंकडे जा’ हे शिकवणं जास्त उपयोगी पडतं.

ऑनलाइन जगात तर ही व्याख्या पूर्णच कोसळते. ज्याच्याशी तीन आठवडे रोज गेम खेळलो, ज्याने दोनदा आपल्याला हरण्यापासून वाचवलं, तो मुलाच्या लेखी अनोळखी कसा? तो त्याचा मित्र असतो.

त्यामुळे माझं म्हणणं असं आहे की प्राथमिक शाळेतल्या मुलांना माणसांच्या याद्या पाठ करायला लावण्यापेक्षा वागणं ओळखायला शिकवावं. आणि काही खटकलं तर ते मोठ्यांपर्यंत आणण्याची वाट कायम मोकळी ठेवावी. या दोन गोष्टी घरात, शाळेत, मैदानावर आणि मोबाईलवर सारख्याच लागू पडतात.

आधी हे वागणं कसं असतं ते मोठ्यांनी समजून घ्यायला हवं. अत्याचार करणारी व्यक्ती सहसा एकदम हल्ला करत नाही. ती हळूहळू मुलाचा, आणि कित्येकदा पालकांचाही, विश्वास मिळवते. या प्रक्रियेला ग्रूमिंग म्हणतात. सुरुवात असते खास लक्ष देण्यापासून : ‘तू बाकीच्यांसारखा नाहीस, तू फार समजूतदार आहेस.’ मग भेटवस्तू येतात, घरी ज्याला मनाई आहे ते करू दिलं जातं. पालकांना मदत केली जाते, ‘मी नेतो-आणतो, तुम्ही निश्चिंत राहा’ असं सांगितलं जातं आणि त्यातून एकांत मिळवला जातो. पुढे छोट्या छोट्या मर्यादा ओलांडल्या जातात. नको म्हटलं तरी गुदगुल्या करत राहणं, कपडे बदलताना ‘चुकून’ आत येणं, लहान मुलांसमोर करू नयेत असे विनोद करणं. मूल काही बोललं नाही की पुढचं पाऊल पडतं. सगळ्यात शेवटी तोंड बंद ठेवण्याची व्यवस्था होते : ‘हे आपलं दोघांचं गुपित’, ‘आईला कळलं तर ती तुझ्यावरच चिडेल’, ‘तूच तर आलीस ना माझ्याकडे?’

यातली प्रत्येक पायरी सुटी पाहिली तर साधी वाटते. भेट देणारे, कौतुक करणारे, मुलांना ने-आण करणारे लोक बहुतेक वेळा खरोखरच प्रेमळ असतात. म्हणून भेटवस्तूंची भीती घालून उपयोग नाही. ज्या ठिकाणी मुलाला खरंच फरक कळू शकतो ती जागा म्हणजे गुपित.

गुपित आणि सरप्राइज यांतला फरक सहा वर्षांच्या मुलालाही समजतो. वाढदिवसाची भेट लपवून ठेवणं हे सरप्राइज आहे. ते थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळणार असतं आणि कळल्यावर सगळे खूश होणार असतात. जे कधीच कुणाला सांगायचं नाही, जे आठवलं की पोटात कसंतरी होतं, जे सांगितलं तर काहीतरी वाईट होईल अशी धमकी मिळालेली असते, ते गुपित ठेवायचं नसतं. कुणी शपथ घातली असली तरी ती मोडायची, आणि त्यात काही पाप नाही, हेही मुलाला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. मुलं शपथ फार मनावर घेतात.

याहून सोपा घरचा नियम असा : मोठ्या माणसाने मुलाला गुपित ठेवायला सांगायचंच नाही. हा नियम मग घरातल्या सगळ्यांनी पाळायचा. ‘मी तुला जास्तीचा खाऊ दिला हे आईला सांगू नकोस हं’ हे आजोबा प्रेमानेच म्हणतात. पण त्यातून मूल शिकतं ते असं की आवडत्या मोठ्या माणसाने सांगितलं तर आईपासून लपवायचं असतं. तेवढी एक सवय मोडली तरी मुलाचं संरक्षण बरंच वाढतं.

आता शरीराबद्दल. प्राथमिक शाळेत येईपर्यंत मुलांना आपल्या शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावं माहीत असावीत. कोपर, गुडघा, मान यांच्याच ओळीत शिश्न, योनी, नितंब, छाती. आपल्याला हे शब्द उच्चारायला अवघड जातं, कारण आपण ते फक्त पुस्तकात वाचलेले किंवा शिवीत ऐकलेले असतात. मुलाला ती अडचण नसते, आपण संकोचलो तरच त्याला संकोच वाटतो. यामागे व्यवहारी कारण आहे. एखाद्या मुलीने बाईंना ‘माझ्या फुलपाखराला त्यांनी हात लावला’ असं सांगितलं, तर बाई हसून पुढे जातील. नेमका शब्द वापरला तर कुणालाही लगेच कळेल. आणि ज्या घरात या अवयवांबद्दल मोकळेपणाने बोललं जातं, त्या घरातलं मूल गप्प राहणार नाही हे वाईट हेतू असलेल्या माणसालाही जाणवतं.

त्यानंतर नियम. युरोपातल्या काउन्सिल ऑफ युरोप या संघटनेने लहान मुलांसाठी ‘अंडरवेअरचा नियम’ प्रचारात आणला, तो मला फार उपयोगी वाटतो. अंडरवेअरने झाकलेल्या भागाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही आणि मुलाने दुसऱ्याच्या त्या भागाला हात लावायचा नाही. आजच्या काळात यात आणखी भर घालायला हवी : तो भाग कुणी बघायला मागायचा नाही, स्वतःचा दाखवायचा नाही, त्याचा फोटो काढायचा नाही आणि तसे फोटो मुलाला दाखवायचे नाहीत. अपवाद दोनच, स्वच्छता आणि आरोग्य. डॉक्टर तपासतील तेव्हा घरचं मोठं माणूस खोलीत असेल, का तपासतोय ते डॉक्टर सांगतील, आणि त्यात गुपित काहीच नसेल.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही मांडणी अनेक शाळांत वापरली जाते. तिच्यात एक मोठी अडचण आहे. वाईट म्हणजे दुखणारा, असं मूल समजतं. इंजेक्शन दुखतं, म्हणजे ते वाईट का? आणि अत्याचारात सुरुवातीला दुखेलच असं नाही. गुदगुल्या होतील, छान वाटेल, शरीर आपोआप प्रतिसाद देईल. मग मुलाला वाटतं, मला तर बरं वाटलं, म्हणजे माझंही चुकलंच. हे ओझं काही जण मोठेपणीही वाहत राहतात. म्हणून मुलाला कसं वाटलं यावर नियम उभा करू नये. कसंही वाटलं तरी झाकलेल्या भागाचा नियम तोच राहतो आणि तो मोडला गेला तर चूक नेहमी मोठ्या माणसाचीच असते. सुरक्षित, असुरक्षित आणि गोंधळात टाकणारा, असे तीन प्रकार सांगितले तर मुलांना बोलायला जास्त जागा मिळते. गोंधळ हाही सांगण्याजोगा विषय आहे हे त्यांना कळतं.

हे सगळं वर्गात शिकवून घरी मात्र ‘पाहुण्यांना पापी दे, असं काय करतोस, ते रागावतील’ असं म्हटलं, तर शिकवलेलं पुसलं जातं. मुलाला नको असेल तर हात हलवून, टाळी देऊन किंवा नुसतं तोंडाने बोलूनही आदर दाखवता येतो. खेळताना मूल ‘पुरे’ म्हणालं की त्याच क्षणी गुदगुल्या थांबवाव्यात. आपल्या ‘नाही’ला किंमत आहे हे त्याला अशा अगदी साध्या प्रसंगांतून समजतं, आणि दुसऱ्याच्या ‘नाही’ला किंमत द्यायची हेही.

‘ओरड, पळ, सांग’ हे तीन शब्द बहुतेक कार्यशाळांत शिकवले जातात. यातला शेवटचा शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि पहिल्या दोनांबद्दल थोडं सांभाळून बोलायला हवं. भीतीच्या क्षणी शरीर गोठून जाणं ही नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. मोठ्या माणसांचंही तसं होतं. समोरची व्यक्ती ताकदवान असते, कित्येकदा मुलाची लाडकी असते. ‘तू ओरडायला हवं होतंस’ असा धडा मनात बसलेलं मूल ओरडू शकलं नाही, तर ते स्वतःलाच दोषी धरतं आणि म्हणूनच सांगत नाही. त्यामुळे वाक्य असं असावं : ‘जमलं तर नाही म्हण, जमलं तर तिथून निघ. नाही जमलं तरी तुझं काही चुकलं नाही. नंतर सांग. खूप दिवसांनी सांगितलंस तरी चालेल.’

कुणाला सांगायचं, हे मुलाने स्वतः ठरवावं. वर्गात हाताचा पंजा कागदावर गिरवून प्रत्येक बोटावर एका विश्वासाच्या मोठ्या व्यक्तीचं नाव लिहायला लावणं हा साधा उपक्रम आहे. पाचांपैकी निदान एक जण घराबाहेरचा असावा, कारण धोका घरातलाच असू शकतो. ‘माझं नाव का नाही लिहिलंस?’ असं मात्र कुणी विचारू नये. आणि हेही शिकवावं की पहिल्या व्यक्तीने ऐकलं नाही, हसण्यावारी नेलं, तर दुसऱ्याकडे जायचं, मग तिसऱ्याकडे. कुणीतरी खरोखर काही करेपर्यंत सांगत राहायचं.

नुसत्या भाषणाने हे मुलांच्या अंगवळणी पडत नाही. प्रत्यक्ष सराव करून घेतला, तर ती जास्त शिकतात. ‘शाळा सुटल्यावर ओळखीचे काका आले आणि म्हणाले, आई आजारी आहे, तिने मला पाठवलंय. तू काय करशील?’ असा प्रसंग द्यावा आणि मुलांना तो करून दाखवू द्यावा. या प्रसंगासाठी घरात एक परवलीचा शब्द ठरवता येतो. खरंच कुणाला पाठवलं असेल तर त्या व्यक्तीला तो शब्द माहीत असेल, नसेल तर मुलाने परत शाळेत जायचं. पाच-दहा मिनिटांचे असे प्रसंग वर्षभर अधूनमधून होत राहिले, तर वर्षातून एकदाच घेतलेल्या दोन तासांच्या व्याख्यानापेक्षा ते कितीतरी जास्त लक्षात राहतात.

असं शिकवल्याने मुलं घाबरतील, त्यांचा निरागसपणा जाईल, अशी काळजी पालक बोलून दाखवतात. ही काळजी प्रामाणिक आहे, म्हणून तिचं उत्तरही नीट द्यायला हवं. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने शाळांमधल्या अशा कार्यक्रमांवरच्या २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या देशांतली ५,८०२ मुलं त्या अभ्यासांत होती. मुलांची माहिती आणि स्वतःला जपण्याची कौशल्यं वाढलेली दिसली. भीती किंवा चिंता वाढल्याचं दिसलं नाही. मात्र अशा शिक्षणाने प्रत्यक्ष अत्याचार कमी होतात का, हे त्या अभ्यासांतून सिद्ध झालं नव्हतं. ही मर्यादा मोठ्यांनी लक्षात ठेवायला हवी. मुलाला शिकवलं म्हणजे जबाबदारी मुलावर गेली, असं होत नाही. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात मुलांना हिंसा आणि लैंगिक शोषणापासून वाचवण्याचं कर्तव्य राष्ट्रांवर टाकलेलं आहे, आणि हे हक्क डिजिटल जगातही तसेच लागू होतात हे २०२१ मध्ये त्या कराराच्या समितीने स्पष्ट केलं. शाळेने कर्मचारी नेमताना पार्श्वभूमी तपासणं, मूल आणि मोठी व्यक्ती बंद दाराआड एकटी राहणार नाहीत अशी व्यवस्था ठेवणं, तक्रार कुणाकडे करायची हे मुलांना माहीत असणं, ही कामं आठ वर्षांच्या मुलाची नाहीत.

मोबाईलवरही वागणं तेच असतं, फक्त ते पडद्यामागून येतं. फरक तीन. पलीकडे कोण आहे ते दिसत नाही, कारण नाव, वय, फोटो आणि आता आवाजसुद्धा बनावट असू शकतो. पाठवलेल्या गोष्टीची प्रत निघते : आपोआप पुसला जाणारा मेसेजही स्क्रीनशॉट घेऊन ठेवता येतो. आणि मूल काय पाहणार ते पुष्कळदा ॲप ठरवतं. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. २०१७ मध्ये यूट्यूबवर मुलांच्या लाडक्या कार्टून पात्रांचे असे असंख्य व्हिडिओ सापडले ज्यांत आत हिंसा आणि विकृत दृश्यं भरलेली होती. बाहेरून ते निरागस दिसत होते आणि मुलांसाठीच्या ॲपमध्येही ते शिरले होते. फिल्टर लावून निर्धास्त का होता येत नाही, ते यावरून कळावं.

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी एकच कृती पुरे : काही विचित्र, घाण किंवा भीतिदायक दिसलं की स्क्रीन उलटी ठेव आणि मोठ्या माणसाला बोलाव. बंद करण्याचं बटण शोधण्यात त्याचा वेळ जाऊ नये. या वयात टॅब किंवा मोबाईल सगळे बसतात त्या खोलीतच असावा, बाथरूममध्ये आणि रात्री अंथरुणात नसावा.

आठ-नऊ वर्षांचं मूल गेममधल्या चॅटपर्यंत पोचतं आणि इथून शिकवण्याचा विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो. वाईट हेतूचा माणूस तिथे काय बोलतो हे मुलांना शब्दशः सांगून ठेवावं, कारण ही वाक्यं ठराविक असतात. ‘तुझं वय किती?’ ‘आत्ता घरी कोण आहे?’ ‘खोलीत एकटीच आहेस का?’ ‘इथे नको, त्या दुसऱ्या ॲपवर ये.’ ‘मी तुला कॉइन्स देतो, फक्त कुणाला सांगू नकोस.’ ‘एकदाच कॅमेरा लाव ना.’ ‘लवकर, नाहीतर मी तुझ्याशी बोलणार नाही.’ वर सांगितलेली सगळी चिन्हं इथे आहेत : भेट, एकांत, गुपित, घाई. खुल्या चॅटमधून खासगी चॅटकडे नेणं ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची खूण. मुलांनी ही वाक्यं ओळखण्याचा खेळ वर्गात खेळावा. दहा वाक्यं फळ्यावर लिहावीत, कुठल्या वाक्याला थांबायचं आणि का, ते त्यांनीच सांगावं.

‘आपली माहिती देऊ नका’ हे मुलांना पाठ असतं. ती पत्ता आणि फोन नंबर सांगतही नाहीत. पण गणवेशावरचं शाळेचं चिन्ह, खिडकीतून दिसणारी पाटी, ‘मी रोज पाच वाजता पोहायला जातो’ हे वाक्य, पाळीव कुत्र्याचं नाव, हीही माहितीच आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. यासाठी एक काल्पनिक प्रोफाइल तयार करून मुलांना गुप्तहेर बनवावं : या मुलाला शाळेबाहेर गाठायचं असेल तर काय काय कळतंय ते शोधा. दहा मिनिटांत मुलांनी इतकं काही शोधून काढलेलं असतं की वेगळं समजवावं लागत नाही. हा नियम मोठ्यांनाही लागू आहे. मुलाचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारावं आणि तो नको म्हणाला तर टाकू नये. नाहीतर ‘फोटो पाठवण्याआधी विचार कर’ हे आपण कुठल्या तोंडाने सांगणार?

पासवर्डबद्दल थोडंच. या वयात तो आईबाबांना माहीत असावा आणि जिवलग मैत्रिणीला माहीत नसावा.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे ग्रुप सुरू होतात, काहींकडे स्वतःचा मोबाईल येतो. बहुतेक सोशल मीडियाची अट १३ वर्षांची आहे. तिचा उगम अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झालेल्या कॉपा या कायद्यात आहे. पालकांच्या परवानगीशिवाय १३ वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करू नये, एवढाच त्याचा हेतू. तेराव्या वर्षी मूल त्या जगासाठी तयार होतं, असं कुणी तपासून ठरवलेलं नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून ही मर्यादा १६ वर नेली आहे. त्यामुळे ‘सगळ्यांकडे आहे’ या एका कारणावर आपण लगेच विरघळू नये.

याच वयात फोटोंचा विषय स्पष्ट बोलायला हवा. कपड्यांशिवायचा फोटो कुणीही मागितला, अगदी वर्गातल्या मित्राने गंमत म्हणून मागितला, तरी पाठवायचा नाही. दुसऱ्याचा असा फोटो आपल्याकडे आला तर पुढे पाठवायचा नाही. अनेक देशांत तो गुन्हा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आल्यापासून साध्या फोटोवरूनही नग्न चित्र बनवता येतं आणि अनेक देशांतल्या शाळांत हे घडलेलं आहे. ज्या मुलीचं असं चित्र बनतं तिला वाटतं, हे खोटं आहे यावर कोण विश्वास ठेवेल? तिला आधीच माहीत असावं की चित्र बनावट असलं तरी झालेला त्रास खरा मानला जाईल आणि कारवाई चित्र बनवणाऱ्यावर होईल.

आणि आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. मोबाईलवर काही वाईट घडलं तर मुलं सांगत नाहीत, त्याचं एक मोठं कारण धमकी हे असतंच, पण दुसरं साधं कारण म्हणजे मोबाईल काढून घेतला जाईल ही भीती. त्यातून मुलाने स्वतः एखादा नियम मोडलेला असतो : मनाई असलेला गेम घेतला, वय खोटं लिहिलं, रात्री उशिरा खेळत बसलं. पलीकडच्या माणसाला हे पक्कं माहीत असतं आणि तो त्याचाच वापर करतो : ‘घरी सांगितलंस तर तुझंच बिंग फुटेल.’ या धमकीतला जोर काढून घेण्याचा एकच उपाय आहे. आधीच वचन द्यायचं, ‘तू काहीही केलं असलंस, कुठलाही नियम मोडला असलास, तरी येऊन सांगितलंस तर मी रागावणार नाही आणि त्या कारणासाठी मोबाईल काढून घेणार नाही.’ आणि ते पाळायचं. एकदा जरी मोडलं, तरी पुढच्या वेळी मूल येणार नाही.

यासाठी मी लपून पाळत ठेवण्याच्या विरुद्ध आहे. लहान मुलाच्या मोबाईलवर पालकांचं नियंत्रण असावं, चॅट बंद ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी, अधूनमधून मोबाईल पाहावा, पण हे मुलाला माहीत असावं. रस्ता ओलांडायला शिकवताना आपण आधी हात धरतो, मग शेजारून चालतो, मग लांबून बघतो. ऑनलाइन जगातही तेच करायचं आहे. मूल काय खेळतं ते त्याच्याकडून शिकून घ्यावं, त्याच्यासोबत खेळावं. ‘आज कोण भेटलं गेममध्ये?’ हा प्रश्न ‘आज शाळेत काय झालं?’ इतकाच सहज विचारला गेला पाहिजे.

दिव्यांग मुलांकडे विशेष लक्ष द्यायला हवं. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार त्यांच्यावर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या साधारण ३.७ पट असते. बोलू न शकणाऱ्या मुलाच्या चित्रफलकावर किंवा खुणांमध्ये अवयवांची नावं आणि ‘थांब’, ‘नको’, ‘मदत’ हे शब्द असलेच पाहिजेत. ज्याला आंघोळीला किंवा कपडे बदलायला रोज दुसऱ्याची मदत लागते, त्याच्यासाठी तर हात लावण्याआधी सांगणं आणि विचारणं हाच नियम हवा.

समजा, मूल एक दिवस आलं आणि त्याने सांगितलं. मुलं सहसा नीट मांडून सांगत नाहीत. भांडी घासताना, झोपायच्या वेळी, एखादं तुटक वाक्य टाकतात आणि आपला चेहरा बघतात : ‘मला त्यांच्याकडे शिकवणीला नाही जायचं.’ तेव्हा हातातलं काम सोडून खाली बसावं. आवाज शांत ठेवावा. ‘सांगितलंस ते फार चांगलं केलंस. तुझी काही चूक नाही. माझा तुझ्यावर विश्वास आहे,’ ही वाक्यं लगेच म्हणावीत. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये, कारण सांगावं लागणार आहे. ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन,’ एवढं म्हणावं. प्रश्न कमीत कमी आणि मोकळे : ‘मग काय झालं?’ ‘अजून काही सांगायचंय?’ उत्तर सुचवणारे प्रश्न, म्हणजे ‘त्याने इथे हात लावला का?’ असे, टाळावेत. मुलाने जे शब्द वापरले तेच, तारीख-वेळ घालून, थोड्या वेळाने लिहून ठेवावेत. संशयित व्यक्तीला स्वतः जाऊन जाब विचारू नये, त्यामुळे पुरावे नाहीसे होतात आणि मुलाला धमकावलं जाऊ शकतं.

नंतर पोलीस किंवा बाल संरक्षण यंत्रणेकडे तक्रार करावी. काय करावं सुचत नसेल तर बहुतेक देशांत मुलांसाठी मोफत हेल्पलाइन आहे : भारतात १०९८, ब्रिटनमध्ये ०८०० ११११. मूल स्वतःही तिथे फोन करू शकतं, म्हणून तो नंबर त्याला पाठ असावा. घटना ऑनलाइन असेल तर रागाच्या भरात चॅट किंवा खातं पुसून टाकू नये. समोरच्याचं नाव, तारीख आणि मेसेज जतन करावेत, मग ब्लॉक आणि रिपोर्ट करावं. मात्र मुलाचे नग्न फोटो स्क्रीनशॉट घेऊन इकडे तिकडे पाठवू नयेत, अगदी मदत मागण्यासाठीसुद्धा. अशा फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेने २०२३ मध्ये खुली केली. फोटो कुठेही अपलोड करावा लागत नाही. आपल्याच मोबाईलवर त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळवून आपल्या व्यासपीठांवरचा फोटो शोधून काढू शकतात. नाव सांगण्याची गरज नसते.

सांगून झाल्यावर दहा मिनिटांनी मूल खेळायला जाईल. त्याला काहीच वाटलं नाही असा त्याचा अर्थ नाही, मुलं असंच थोडं थोडं पेलतात. त्याची शाळा, झोप, खेळ नेहमीप्रमाणे चालू ठेवावं आणि मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाची मदत घ्यावी. काही दिवसांनी घरातला ताण पाहून ते म्हणूही शकतं, ‘तसं काही झालंच नव्हतं.’ असं अनेकदा घडतं. तेव्हा त्याच्यावर खोटेपणाचा शिक्का मारू नये आणि तक्रारही सोडून देऊ नये. मुलाशी पुढचं बोलणं या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला करू द्यावं आणि ती चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या माणसापासून मुलाला लांब ठेवावं.